पीडी-एल१चा स्कोअर कसा काढायचा: ब्लॉकपासून रिपोर्टपर्यंत

तोंडाच्या कर्करोगाची एकच स्लाइड. एक पॅथॉलॉजिस्ट तिच्यावर ७ लिहितो, दुसरा २०, आणि दोघेही बरोबर असू शकतात. पहिल्याने टीपीएस काढला, म्हणजे फक्त कर्कपेशी मोजल्या; दुसऱ्याने सीपीएस, म्हणजे सोबतच्या प्रतिकारपेशीही. रिपोर्टमध्ये नुसते ‘पीडी-एल१ पॉझिटिव्ह, ७’ एवढेच छापले गेले, तर पुढचा ऑन्कोलॉजिस्ट चुकीच्या फूटपट्टीवर तो आकडा वाचणार. पीडी-एल१ या प्रथिनाला तपकिरी रंग देणाऱ्या या तपासणीत तो रंग ओळखायला फारसे कष्ट पडत नाहीत. कोणाला मोजायचे आणि कोणाला वगळायचे, हे ठरवताना कस लागतो. हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

पीडी-एल१ हे प्रथिन कर्कपेशीच्या कडेवर असते, आणि ट्यूमरमध्ये शिरलेल्या मॅक्रोफेज, लिम्फोसाइट अशा पेशींवरही असते. टी-पेशीवरच्या पीडी-१ला ते चिकटले की टी-पेशी थंडावते. पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब ही औषधे पीडी-१ला अडवतात. अटेझोलिझुमॅब, डर्व्हालुमॅब पीडी-एल१ला. ट्यूमरवर पीडी-एल१ जितके जास्त, तितकी औषध लागू पडण्याची शक्यता सर्वसाधारणपणे जास्त. सर्वसाधारणपणेच. ० स्कोअर असलेल्या काही रुग्णांना गुण येतो आणि ९० असलेल्या काहींना येत नाही. म्हणजे हा होकायंत्राचा काटा आहे, निकाल नव्हे. पण काट्यालाही नीट उत्तर दिशा दाखवता आली पाहिजे.

आधी ठरवा: कोणता अवयव, कोणते औषध, कोणता स्कोअर

स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवण्यापूर्वी मागणीपत्र वाचा. ‘पीडी-एल१ करा’ एवढेच लिहिलेले असेल तर फोन करून औषध कोणते विचाराधीन आहे ते विचारा. दोन मिनिटांचा हा फोन पुढचा घोळ वाचवतो.

फुप्फुसाच्या नॉन-स्मॉल सेल कर्करोगात टीपीएस, म्हणजे ट्यूमर प्रपोर्शन स्कोअर, काढतात. यात फक्त कर्कपेशी मोजायच्या. निर्णायक उंबरठे १ टक्का आणि ५० टक्के. ५०चा उंबरठा कीनोट-०२४ या चाचणीतून आला. २०१६ साली तिचे निकाल आले आणि ५० किंवा त्याहून जास्त टीपीएस असलेल्यांना पहिल्याच फळीत केमोथेरपीऐवजी एकटे पेम्ब्रोलिझुमॅब देता येऊ लागले.

डोके-मान, गर्भाशयमुख, जठर, अन्ननलिका आणि ट्रिपल निगेटिव्ह स्तनाचा कर्करोग, इथे सीपीएस, म्हणजे कम्बाइन्ड पॉझिटिव्ह स्कोअर, चालतो. त्यात कर्कपेशींसोबत लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेजही मोजले जातात. उंबरठे अवयवागणिक बदलतात: डोके-मान १ आणि २०, गर्भाशयमुख १, ट्रिपल निगेटिव्ह स्तन १०. अन्ननलिकेत पेम्ब्रोलिझुमॅबच्या चाचणीने १० धरला. जठरात निव्होलुमॅबच्या चेकमेट-६४९मध्ये मुख्य विश्लेषण ५ किंवा जास्त या गटाचे होते.

तिसरी पद्धत आयसी, म्हणजे इम्यून सेल स्कोअर. ती एसपी१४२ या क्लोनसोबत (क्लोन म्हणजे पीडी-एल१ला चिकटणाऱ्या अँटिबॉडीचा ठरावीक प्रकार) येते. तिच्यात पेशी मोजत नाहीत. ट्यूमरने व्यापलेल्या जागेपैकी किती टक्के जागेवर रंगलेल्या प्रतिकारपेशी पसरल्या आहेत, ते पाहतात. स्तनाच्या ट्रिपल निगेटिव्ह कर्करोगात अटेझोलिझुमॅबसाठी १ टक्का आयसी वापरला गेला. २०२१मध्ये अमेरिकेत ते औषध त्या आजारासाठी कंपनीने स्वतःहून मागे घेतले, त्यामुळे ही पद्धत आता बरीच मागे पडली आहे. पण जुने रिपोर्ट हातात येतात, आणि आयसी १ टक्का म्हणजेच सीपीएस १ असे समजणारे अजूनही भेटतात. दोन्हींचा भाजकच वेगळा आहे.

नमुना: बिघडते ते इथेच

स्टेनिंग मशीन लाखो रुपयांचे असते आणि बायोप्सीचा तुकडा सलाइनच्या बाटलीतून येतो. सलाइनमध्ये ऊती फिक्स होत नाही, ती हळूहळू कुजते. तुकडा काढल्या काढल्या १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये जायला हवा, आणि फॉर्मलिन तुकड्याच्या आकारमानाच्या किमान दहापट हवे.

हे द्रावण प्रयोगशाळेत बनवत असाल तर एक लिटरचे प्रमाण असे: बाजारातले ३७ ते ४० टक्क्यांचे फॉर्मल्डिहाइड १०० मिलि, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिलि, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. नुसते नळाचे पाणी घालून ‘दहा टक्के’ केलेले फॉर्मलिन कालांतराने आम्लधर्मी होते, ऊतीत काळसर फॉर्मलिन पिगमेंट साचते आणि अँटिजेनही (अँटिबॉडी ज्याला चिकटते ते प्रथिन) झिजतो.

फिक्सेशनची सर्वसाधारण चौकट ६ ते ७२ तास. २२सी३ या क्लोनच्या किटपत्रकात १२ ते ७२ तासांची शिफारस आहे. तीन तास किंवा त्याहून कमी वेळात उरकलेल्या नमुन्यात पीडी-एल१ कधी दिसते, कधी नाही. घाईच्या रिपोर्टसाठी सकाळची बायोप्सी दुपारीच प्रोसेसरमध्ये टाकणे म्हणून घातक. दुसऱ्या टोकाला शनिवारी संध्याकाळी आलेला आणि सोमवारच्या सुट्टीनंतर मंगळवारी रात्री प्रोसेसरमध्ये गेलेला तुकडा ७२ तासांच्या पलीकडे जातो. बायोप्सी फॉर्मलिनमध्ये पडल्याची वेळ डब्यावर लिहायची सवय लावली की हा अंदाजाचा खेळ उरत नाही.

हाडात पसरलेल्या कर्करोगाचा (मेटास्टॅसिसचा) तुकडा आम्लात डिकॅल्सिफाय केला, म्हणजे त्यातले कॅल्शियम काढले असेल तर त्यावर पीडी-एल१ लावणे टाळा. दुसरी जागा उपलब्ध असेल तर ती मागा. नसेल तर निगेटिव्ह निकालावर भरवसा नाही, असे स्पष्ट लिहा. पाच वर्षांहून जुन्या ब्लॉकमध्येही (मेणात बसवलेल्या ऊतीच्या ठोकळ्यातही) अँटिजेन क्षीण झालेला असू शकतो. अलीकडचा आणि जुना असे दोन ब्लॉक असतील तर अलीकडचा घ्या.

सेक्शन ४ ते ५ मायक्रॉनचे, पॉझिटिव्ह चार्ज असलेल्या स्लाइडवर. सुकवायचे ५८ अंश सेल्सिअसला एक तास. ओव्हन ६०च्या वर जाऊ देऊ नका. कापून ठेवलेले कोरे सेक्शन २ ते ८ अंशांत ठेवले तर २२सी३साठी फुप्फुसाच्या नमुन्यात सहा महिने चालतात. प्रत्येक किट आणि अवयवासाठी ही मुदत वेगळी असते, तेव्हा पत्रक पाहा.

फुप्फुसाची बायोप्सी असेल तर ब्लॉक मायक्रोटोमवर चढवण्यापूर्वी सगळ्या सेक्शनचा हिशेब करा. सुतळीएवढ्या तुकड्यातून निदान, ईजीएफआर, एएलके, आरओएस१ या जनुकांच्या तपासण्या आणि पीडी-एल१ एवढे सगळे निघायचे असते. निदानासाठी टीटीएफ-१ आणि पी४० एवढ्या दोन मार्करवर भागवा. कोरे सेक्शन एकाच बैठकीत काढून घ्या. दरवेळी ब्लॉक नव्याने चढवला की समतल करताना चार-सहा सेक्शन कचऱ्यात जातात, आणि त्यातच उरलेल्या कर्कपेशी असतात.

स्टेनिंग आणि कंट्रोल

प्रत्येक क्लोनची जोडी ठरलेली आहे. २२सी३ आणि २८-८ डाकोच्या ऑटोस्टेनर लिंक ४८वर, एसपी१४२ आणि एसपी२६३ व्हेंटानाच्या बेंचमार्क अल्ट्रावर. २२सी३साठी अँटिजेन रिट्रीव्हल (फॉर्मलिनने झाकलेला अँटिजेन पुन्हा उघडा करणे) कमी पीएचच्या द्रावणात, ९७ अंशांवर २० मिनिटे. किटची पायरी स्वतःच्या सोयीने बदलली की ते किट उरत नाही. ती तुमची स्वतःची चाचणी होते आणि तिची पडताळणीही तुम्हालाच करावी लागते.

एका रुग्णाच्या किमान तीन स्लाइड हव्यात: एचअँडई (पेशींची ठेवण दाखवणारा नेहमीचा गुलाबी-जांभळा रंग), पीडी-एल१ आणि निगेटिव्ह कंट्रोल रिएजंट (पीडी-एल१ला न चिकटणारी अँटिबॉडी). चौथी राखीव ठेवा. २२सी३च्या किटमध्ये दोन सेललाइनची कंट्रोल स्लाइड येते, एनसीआय-एच२२६ पॉझिटिव्ह आणि एमसीएफ-७ निगेटिव्ह. ती मशीन आणि रिएजंटबद्दल सांगते. पण तुमच्या प्रयोगशाळेच्या फॉर्मलिनबद्दल आणि प्रोसेसिंगबद्दल सांगते ती तुमच्याच ब्लॉकमधली टॉन्सिल. तिचा छोटा तुकडा प्रत्येक स्लाइडवर रुग्णाच्या ऊतीशेजारी लावा.

टॉन्सिल अशी वाचा. क्रिप्टचे (पृष्ठभागावरून आत गेलेल्या खोल खाचांचे) एपिथेलियम गडद तपकिरी हवे. जर्मिनल सेंटरमधले (लिम्फोसाइटच्या गोल पुंजक्याच्या मध्यभागातले) मॅक्रोफेज फिकट ते मध्यम. पृष्ठभागावरचे स्क्वॅमस एपिथेलियम आणि बहुतेक लिम्फोसाइट कोरे. बरेच जण क्रिप्ट गडद दिसले की ‘कंट्रोल ओके’ म्हणून पुढे जातात. क्रिप्ट तर ढिसाळ स्टेनिंगमध्येही रंगते. खरी परीक्षा जर्मिनल सेंटरची. तिथले मॅक्रोफेज कोरे असतील तर चाचणीची संवेदनशीलता घसरली आहे, आणि रुग्णाच्या ट्यूमरमधल्या फिकट कडा तुमच्या नजरेतून निसटणार. रन रद्द करा. उलट पृष्ठभागाचे एपिथेलियम सरसकट तपकिरी झाले असेल तर रंग जास्त चढला आहे.

स्लाइड वाचण्याचा क्रम

पहिली एचअँडई, नेहमी. तिच्यावर जिवंत कर्कपेशी कुठे आहेत, नेक्रोसिस (मेलेली ऊती) कुठे, इन-सिटू (अजून आत न शिरलेला) भाग कुठे, व्रणाचा तळ कुठे, हे मनात नकाशासारखे बसवून घ्या. शक्य असेल तर पेनने ठिपके टाका. पीडी-एल१ची स्लाइड आधी पाहिली की डोळा तपकिरी भागाकडेच ओढला जातो आणि कोरा ट्यूमर दिसेनासा होतो.

मग जिवंत कर्कपेशी किमान १०० आहेत का ते पाहा. नसतील तर ‘अपुरा नमुना’ लिहा. ‘निगेटिव्ह’ लिहू नका. या दोन शब्दांत रुग्णासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे: पहिल्याने पुन्हा बायोप्सी होते, दुसऱ्याने औषधाचा पर्यायच बाजूला पडतो. आणि १०० पेशी ही अगदी किमान पातळी आहे. बरोबर १०० पेशींच्या नमुन्यात १ टक्क्याचा उंबरठा एकाच पेशीवर ठरतो.

पुढे निगेटिव्ह कंट्रोल रिएजंटची स्लाइड. तिथेही तपकिरी दिसले तर तो रंग पीडी-एल१चा नाही. मग टॉन्सिल, आणि सगळ्यात शेवटी रुग्णाची पीडी-एल१ स्लाइड. ४एक्सवर सगळी स्लाइड फिरून घ्या, १०एक्सवर भाग पाडा, २०एक्सवर मोजा. ४०एक्स फक्त पेशीची ओळख पटवायला, म्हणजे ही कर्कपेशी की मॅक्रोफेज, लिम्फोसाइट की प्लाझ्मा पेशी, एवढ्यापुरते.

टीपीएस

व्याख्या सोपी आहे: मेम्ब्रेन रंगलेल्या जिवंत कर्कपेशी भागिले एकूण जिवंत कर्कपेशी, गुणिले १००. मेम्ब्रेनचा रंग फिकट असला तरी चालतो, अर्धवट असला तरी चालतो. स्तनाच्या कर्करोगातली हर२ची तपासणी वाचणाऱ्यांचा हात इथे आखडतो, कारण तिथे पूर्ण वर्तुळ आणि रंगाची तीव्रता पाहायची सवय असते. ती सवय इथे बाजूला ठेवा. फक्त सायटोप्लाझम रंगला आणि कड कोरी असेल, तर ती पेशी पॉझिटिव्ह नाही. भाजकात मात्र ती राहते.

अडचण येते ती ट्यूमर एकसारखा रंगलेला नसतो तेव्हा. उदाहरण घेऊ. ट्यूमरचा अर्धा भाग पूर्ण कोरा, पाव भागात २० टक्के पेशी पॉझिटिव्ह, उरलेल्या पाव भागात ८० टक्के. हिशेब असा: अर्ध्याचे ०, पहिल्या पावाचे ५, दुसऱ्या पावाचे २०. टीपीएस २५ टक्के. फक्त सर्वात गडद भाग पाहिला असता तर ८० लिहिले असते आणि रुग्ण ५०च्या वर गेला असता. पीडी-एल१मध्ये हॉटस्पॉट मोजायचा नसतो. पेशी-विभाजन मोजणाऱ्या कीआय-६७ची सवय इथे घात करते. हा भागशः हिशेब पेशींची दाटी सगळीकडे सारखी असेल तरच बरोबर येतो. कोरा भाग विरळ आणि रंगलेला भाग दाट असेल तर भागांचे वजन पेशींच्या संख्येवर द्या, क्षेत्रफळावर नाही.

सीपीएस: इथे खरी कसोटी

रंगलेल्या कर्कपेशी अधिक रंगलेले लिम्फोसाइट अधिक रंगलेले मॅक्रोफेज, भागिले एकूण जिवंत कर्कपेशी, गुणिले १००. प्रतिकारपेशी अंशात येतात, छेदात येत नाहीत. म्हणून हा टक्का नव्हे आणि त्यापुढे टक्क्याचे चिन्ह लावू नये. उत्तर १००च्या वरही जाऊ शकते. तसे झाले तर १००च लिहायचे.

प्रतिकारपेशींसाठी मेम्ब्रेन किंवा सायटोप्लाझम, कुठलाही रंग चालतो, कारण एवढ्याशा लिम्फोसाइटमध्ये दोन्ही वेगळे काढणे अवघडच. पण त्या पेशी ट्यूमरच्या बेटांत किंवा त्यांना लगटून असलेल्या स्ट्रोमात (आधार-ऊतीत) हव्यात. व्यवहारात नियम असा: २०एक्सच्या ज्या क्षेत्रात ती पेशी आहे त्याच क्षेत्रात कर्कपेशीही दिसली पाहिजे. न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, प्लाझ्मा पेशी, फायब्रोब्लास्ट, रक्तवाहिनीचे अस्तर आणि मेलेल्या पेशी, हे सगळे वगळायचे.

आता सुरुवातीची ती स्लाइड. गालाच्या आतल्या बाजूच्या स्क्वॅमस कार्सिनोमाची बायोप्सी. तंबाखू-गुटख्याच्या आपल्याकडच्या प्रयोगशाळांत असे नमुने रोजचेच. एकूण जिवंत कर्कपेशी ८००. त्यातल्या मेम्ब्रेन रंगलेल्या ५६. रंगलेले लिम्फोसाइट ७०, मॅक्रोफेज ३४. बेरीज १६०. भागिले ८००, गुणिले १००: सीपीएस २०. टीपीएस काढला तर ५६ भागिले ८००, म्हणजे ७ टक्के.

आकडा बरोबर उंबरठ्यावर आहे. त्याच्याशी दोन चुका करून पाहू. बायोप्सीच्या वरच्या टोकाला डिस्प्लास्टिक (बिघडलेल्या, पण अजून कर्करोग न झालेल्या) एपिथेलियमची पट्टी आहे, सुमारे २०० पेशींची, कोरी. घाईत ती कार्सिनोमा धरली तर छेद १००० होतो आणि सीपीएस १६. रुग्ण २०च्या खाली गेला. दुसरी चूक उलटी: स्ट्रोमातल्या ३२ प्लाझ्मा पेशींवर थोडा तपकिरी धूसरपणा आहे, त्या लिम्फोसाइट म्हणून धरल्या. अंश १९२, सीपीएस २४. दोन्ही चुका पेशीची ओळख चुकल्यामुळे झाल्या, रंगामुळे नाही.

प्रत्येक स्लाइडवर ८०० पेशी कोणी एकेक करून मोजत नाही, अंदाजच करतात. पण अंदाजाला आधार हवा. तुमच्या मायक्रोस्कोपच्या २०एक्स क्षेत्रात दाट ट्यूमरच्या किती पेशी मावतात, हे एकदा फोटो काढून, त्यावर चौकटी आखून मोजून ठेवा आणि तो आकडा टेबलासमोर चिकटवा. क्षेत्र अर्धे भरलेले असेल तर निम्मा धरा. छेदाचा अंदाज ही बहुतेकांची कच्ची बाजू असते. रंगलेल्या पेशी सगळेच नीट मोजतात.

फसवणाऱ्या जागा

फुप्फुसात अल्व्हिओलर मॅक्रोफेज गडद रंगतात आणि कर्कपेशींच्या पुंजक्यात मिसळून बसतात. काजळीचे काळे कण असलेला मॅक्रोफेज चटकन ओळखू येतो, कण नसलेला नाही. टीपीएसमध्ये तो मोजला की निगेटिव्ह केस पॉझिटिव्ह होते. एचअँडईवर तीच जागा शोधा: केंद्रक घेवड्याच्या दाण्यासारखे आणि सायटोप्लाझम फेसाळ असेल तर मॅक्रोफेज. तरीही शंका असेल तर शेजारच्या सेक्शनवर सीडी६८ (मॅक्रोफेजची खूण) लावा.

क्षयरोग आपल्याकडे इतका पसरलेला आहे की मानेच्या किंवा मेडियास्टिनमच्या गाठीत मेटास्टॅसिस आणि ग्रॅन्युलोमा (दाहातल्या पेशींचा गोळा) शेजारी शेजारी सापडतात. ग्रॅन्युलोमातले एपिथेलिऑइड हिस्टिओसाइट पीडी-एल१ने रंगतात. त्यांचा ट्यूमरविरुद्धच्या प्रतिसादाशी संबंध नाही, म्हणून सीपीएसमध्ये धरू नका. मूत्राशयात बीसीजी दिल्यानंतरच्या ग्रॅन्युलोमालाही हाच नियम. मानेच्या गाठीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: मेटास्टॅसिसभोवतीची लिम्फॉइड ऊती मुळातच तिथली रहिवासी आहे. कर्कपेशींच्या बेटांत शिरलेल्या आणि अगदी त्यांच्या कडेला असलेल्या पेशीच मोजा, फॉलिकल सोडून द्या.

व्रणाच्या तळाशी असलेला दाह आणि जठराच्या शेजारच्या जुन्या गॅस्ट्रायटिसमधले लिम्फोसाइट हेही बाहेरचेच. नेक्रोसिसच्या कडेला आणि सेक्शनच्या काठावर रंग गडद येतो. तुकड्याची कड तेवढी तपकिरी आणि आतला भाग कोरा दिसला तर ती सुकण्याची किंवा काठाची करामत समजा. फोर्सेप्सने चिरडलेल्या पेशींची कड उरलेलीच नसते, त्या सोडून द्या.

मेलॅनोमात मेलॅनिन स्वतःच तपकिरी असते आणि डीएबी या नेहमीच्या क्रोमोजेनचा (रंगद्रव्याचा) रंगही तपकिरी. तिथे लाल क्रोमोजेन वापरणारा प्रोटोकॉल असलेला बरा. छातीतल्या पाण्याच्या सेल ब्लॉकवर टीपीएस काढता येतो, पण नमुना फॉर्मलिनमध्ये फिक्स झालेला हवा आणि तुमच्या प्रयोगशाळेने तशी पडताळणी केलेली हवी. अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या पेशींत रंग कमी पडू शकतो. रिॲक्टिव्ह मेसोथेलियल पेशीही पॉझिटिव्ह येतात, हे लक्षात असू द्या. सेल ब्लॉकवर सीपीएस काढू नका. तिथे स्ट्रोमाच नसतो, मग ‘ट्यूमरलगतची’ प्रतिकारपेशी ठरवणार कशी?

एक क्लोन दुसऱ्याच्या जागी चालतो का?

ब्लूप्रिंट या तुलनात्मक प्रकल्पाने फुप्फुसाच्या कर्करोगात हे तपासले. कर्कपेशींवर २२सी३, २८-८ आणि एसपी२६३ जवळपास सारखेच रंगतात. एसपी१४२ कमी कर्कपेशी दाखवतो, ७३-१० जास्त दाखवतो. प्रतिकारपेशींच्या वाचनात मात्र पॅथॉलॉजिस्टांचे आपापसात फारसे जुळले नाही. याचा अर्थ टीपीएससाठी पहिल्या तिघांत अदलाबदल पडताळणीनंतर पटण्यासारखी आहे. एसपी१४२वर काढलेला ‘टीपीएस’ मात्र २२सी३च्या उंबरठ्याशी ताडून पाहू नये.

किटऐवजी मोकळा अँटिबॉडी आणून स्वतःचा प्रोटोकॉल बसवणाऱ्या प्रयोगशाळा बऱ्याच आहेत, आणि खर्च पाहता त्यात गैर काही नाही. पण पडताळणीशिवाय नाही. अमेरिकेतल्या कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सची किमान अपेक्षा २० पॉझिटिव्ह आणि २० निगेटिव्ह नमुने आणि ९० टक्के जुळणी अशी आहे, आणि स्कोअरची पद्धत बदलली की पडताळणी वेगळी. टीपीएससाठी केलेली पडताळणी सीपीएसला लागू होत नाही. ते २० पॉझिटिव्ह निवडताना सगळे ९० टक्केवाले घेऊ नका. त्याने जुळणी छान येते, पण चाचणी १ आणि ५०च्या आसपास कशी वागते, ते कळतच नाही.

उंबरठ्याजवळचे आकडे

टीपीएस ४० ते ६०, सीपीएस १५ ते २५, किंवा १च्या अलीकडे-पलीकडे असेल तर दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा, आणि पहिला आकडा न सांगता दाखवा. सांगून दाखवलेले दुसरे मत हे बहुधा पहिल्याचेच प्रतिध्वनी असते. दोघांत तफावत आली तर सरासरी काढून मोकळे होऊ नका; दोघांनी मिळून तफावत कुठे आहे ते शोधा. बहुतेक वेळा एकाने एखादा कोरा भाग धरलेला नसतो.

रिपोर्टमध्ये काय हवे

नमुन्याची जागा आणि तारीख, प्राथमिक ट्यूमर की मेटास्टॅसिस, फिक्सेशनची वेळ, क्लोन आणि मशीन, किट की स्वतःची चाचणी, कंट्रोलची स्थिती, जिवंत कर्कपेशी १००पेक्षा जास्त आहेत की नाही, स्कोअरची पद्धत पूर्ण नावानिशी आणि प्रत्यक्ष आकडा. ‘५०पेक्षा जास्त’ असा गट लिहून थांबू नका. ५५ आणि ९५ यांत फरक आहे आणि ऑन्कोलॉजिस्टला तो हवा असतो. फक्त ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ हा शब्द लिहायचा तर कोणत्या उंबरठ्याला, तेही लिहा. डोके-मानेत सीपीएस आणि टीपीएस दोन्ही दिले तर उत्तम, पण प्रत्येकापुढे त्याचे नाव हवे.

याच नमुन्यावर कधी कधी मिसमॅच रिपेअरची, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांची तपासणीही मागितली जाते: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. तिथे स्कोअर नाही, केंद्रकात रंग आहे की नाही एवढेच पाहायचे. पण शेजारच्या लिम्फोसाइट आणि स्ट्रोमाची केंद्रके रंगलेली असतील तरच कर्कपेशींतला ‘लॉस’ खरा. तीही कोरी असतील तर स्टेनिंग फसले आहे, पुन्हा लावा.

रिपोर्ट हातात आल्यावर

फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमात पीडी-एल१चा आकडा ईजीएफआर आणि एएलकेच्या आधी येतो, कारण आयएचसी (अँटिबॉडीने रंगवण्याची ही तपासणी) एक-दोन दिवसांत होते आणि जनुकीय तपासणीला वेळ लागतो. टीपीएस ८० दिसला म्हणून लगेच इम्युनोथेरपी सुरू करण्याचा मोह होतो. थांबा. ईजीएफआरमध्ये बदल असलेल्या ट्यूमरना स्कोअर कितीही असला तरी ही औषधे फारशी लागू पडत नाहीत. कीनोट-०२४मध्येही असे रुग्ण घेतलेले नव्हते. शिवाय इम्युनोथेरपीनंतर लगोलग ओसिमर्टिनिब हे ईजीएफआरवरचे औषध दिले तर फुप्फुसदाहाचा धोका वाढतो. भारतात ईजीएफआर बदलांचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे, धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांत तर विशेष. पॅथॉलॉजिस्टने रिपोर्टखाली ‘जनुकीय निकाल प्रलंबित’ अशी एक ओळ टाकली तर ती कामाची ठरते.

डोके-मानेच्या कर्करोगात आपल्याकडे स्कोअरइतकाच खर्चाचा प्रश्न असतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या चाचणीत नेहमीच्या मात्रेऐवजी केवळ २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दर तीन आठवड्यांनी, मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब यांच्या मेट्रोनोमिक (कमी मात्रेत, सतत दिल्या जाणाऱ्या) उपचारासोबत दिले गेले. एक वर्ष जगलेल्यांचे प्रमाण १६.३वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. नेहमीची मात्रा दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते. त्यामुळे ‘सीपीएस कमी आला आणि औषध परवडत नाही’ अशा घरच्यांशी बोलताना ऑन्कोलॉजिस्टकडे हा पर्यायही असतो.

सेकंड ओपिनियनसाठी दुसऱ्या शहरात जाताना मूळ ब्लॉक, एचअँडई आणि रंगलेली पीडी-एल१ स्लाइड, तिन्ही मागून घ्या. वर्षभरापूर्वी कापून ड्रॉवरमध्ये ठेवलेले कोरे सेक्शन नेऊन उपयोग नाही. त्यांच्यावर नव्याने लावलेली चाचणी कमी स्कोअर दाखवेल आणि चूक पहिल्या प्रयोगशाळेची आहे असे वाटेल.